आमच्या घरांतील दूरचित्रवाणी

कानांनीं ऐकण्याच्या यंत्रावरून डोळ्यांनीं पाहण्याच्या यंत्राविषयीं बोलणें म्हणजे थोरल्या जावेच्या घरीं बसून धाकटीविषयीं बोलण्यासारखें आहे. कौतुक फार झालें तर यजमानीण रागावते आणि निंदा फार झाली तर ऐकणारे म्हणतात, हा निव्वळ मत्सर! म्हणून मी आज दोन्ही टाळणार आहें. नांदेडचें आमचें घर आणि लातूरचें आमच्या मावशीचें घर, ह्या दोन साध्या घरांत टीव्ही कसा आला, आम्हीं त्यावर काय पाहिलें, त्यांतलें आवडलें काय आणि ह्या पाहण्यांतून आमच्या पदरीं काय पडलें, इतकेंच सांगावयाचें आहे.

टीव्ही आमच्याकडे उशिरां आला. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं त्याचा प्रयोग सुरू झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं उघडलें आणि पुढच्याच वर्षीं तें पुणेकरांनाहि दिसूं लागलें. आम्हां मराठवाड्याच्या लोकांना मात्र मुंबईचा टीव्ही म्हणजे सुटींत आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकावयाची गोष्ट होती. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुस्तकांतून आमच्या घरीं केव्हांच मुक्कामास आले होते; पण दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपानें त्यांना हिंडतांफिरतांना पाहण्याचें भाग्य मुंबई-पुण्याकडचें. १९७५-७६ सालीं उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतील २४०० खेड्यांना टीव्ही दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यांत आमच्या शेजारचा गुलबर्गा जिल्हा होता, मराठवाडा नव्हता. दिवाळी शेजाऱ्याच्या अंगणांत आणि आम्ही कुंपणाशीं उभे, असा तो प्रकार.

पुढें दिवस पालटले. १६ ऑगस्ट १९८२ रोजीं उस्मानाबादेंतून लातूर हा स्वतंत्र जिल्हा निघाला आणि त्याच्या आदल्याच दिवशीं दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत चित्र हीं दोन्ही सुरू झालीं. १९८३ च्या ऑगस्टांत इन्सॅट-१ बी हा उपग्रह आकाशांत गेला. आणि १९८४ सालीं देशभर लहान लहान प्रक्षेपक इतक्या झपाट्यानें उभे राहिले कीं, कांहीं महिने दिवसाला एक असें त्यांचें मान पडलें. अशा प्रक्षेपकाची धाव शहराभोवतीं वीस-पंचवीस किलोमीटरांपलीकडे सहसा जात नसे. दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावरून उतरवून घ्यावयाचा आणि आसपास पसरवावयाचा, हें त्याचें मुख्य काम. त्यामुळें आमच्या घरीं टीव्हीनें पहिला शब्द उच्चारला तो हिंदींत. आम्हांला त्याचें नवल वाटलें नाहीं. १९४८ पर्यंत निजामी अमलाखालीं राहिलेल्या ह्या मुलुखांत घरीं मराठी, कचेरींत उर्दू, बाजारांत दखनी आणि शिवेवर तेलुगू-कन्नड, ही आमच्या आजोबांची रोजचीच रीत होती.

आमच्याकडच्या जुन्या घरांना माळवद असतें. मातीच्या त्या सपाट छपरावर पूर्वीं पापड-कुरडया वाळत आणि उन्हाळ्यांत माणसें निजत. आतां तेथें ॲल्युमिनियमची अँटेना उभी राहिली. एकानें वर चढून ती फिरवावयाची, दुसऱ्यानें अंगणांतून निरोप पोंचवावयाचा आणि तिसऱ्यानें आंत बसून पडद्यावरच्या मुंग्या गेल्या कीं नाहीं तें सांगावयाचें! टीव्ही पाहणें हें तेव्हां एकट्यादुकट्याचें काम नव्हतें. ज्याच्या घरीं टीव्ही त्याची ओसरी ही साऱ्या गल्लीची ओसरी.

ह्या ओसरीवर आम्हीं प्रथम जुलै १९८४ मध्यें सुरू झालेली 'हम लोग' पाहिली आणि नंतर 'बुनियाद'. फाळणींत घरदार सोडून आलेल्या कुटुंबाची ती कथा. आमच्या घरांत त्या वेळीं अशीं वडीलधारीं माणसें हयात होतीं कीं, ज्यांनीं १९४७-४८ सालीं रझाकारांच्या भयानें गांव सोडून सरहद्दीपलीकडे दिवस काढले होते. त्यांना त्या मालिकेचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागला नाहीं. कुलूप लावून निघालेलें घर पडद्यावर दिसलें कीं आजी पदर डोळ्यांना लावी आणि त्या रात्रीं जेवतांना आम्हां मुलांना कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत नसलेला इतिहास ऐकावयास मिळे. टीव्हीचा खरा उपयोग मला तेव्हां कळला. तो बंद झाल्यावर घरांत जें बोलणें सुरू होतें, त्यावरून त्याची किंमत करावी.

'रामायण' २५ जानेवारी १९८७ रोजीं सुरू झालें आणि रविवारची सकाळ त्यानें व्यापून टाकली. त्यामागोमाग २ ऑक्टोबर १९८८ पासून 'महाभारत' आलें तें जून १९९० पर्यंत चाललें. माझी आवड विचाराल तर 'महाभारता'कडे. त्याचे संवाद राही मासूम रझा यांचे. उर्दूच्या ह्या थोर लेखकानें अशी संस्कृतप्रचुर हिंदी लिहिली कीं, ती ऐकतांना आमच्या शेजारचे मौलवीसाहेब आणि आमचे वडील एकाच वाक्याला मान डोलावीत.

आतांपर्यंत आम्ही पाहणारे होतों. टीव्हीनें आम्हांला पाहिलें तें एका भयंकर पहाटे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्रीं गणपतिविसर्जन करून गांवें निजलीं होतीं. चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरच्या परिसरांत भूकंप झाला आणि ज्या जाड भिंतींच्या व माळवदांच्या घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या थंडावा दिला, तींच घरें हजारों जीवांवर कोसळलीं. लातूर हें नांव त्या दिवशीं जगभर पोंचलें. पुढें २०१६ च्या एप्रिलांत दुसरें चित्र सगळ्यांनीं पाहिलें: मिरजेहून पाणी घेऊन निघालेली 'जलदूत' ही आगगाडी, दहा टाक्यांत सुमारें ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरांत आली. ह्या चित्रांमुळें मदत आली, माणसें धांवून आलीं. त्या उपकाराचें विस्मरण होऊं नये. परंतु मनांत एक प्रश्न उरतोच. बाकीच्या दिवसांचें काय? पेरणी, लग्नें, परीक्षा, भांडणें, थट्टामस्करी हें सारें आमच्याकडेहि चालतें. माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंतला तमाशाचा फड आणि सिद्धेश्वराच्या जत्रेंतली गर्दी पाहिलेल्या माणसाला मराठवाडा केवळ रडका प्रदेश आहे असें कोणी सांगूं लागला तर हसूं येईल. पण पडद्यावर पाहणाऱ्या माणसाला तें कसें कळावें?

१९९९ सालीं अल्फा मराठी ही वाहिनी निघाली, तीच पुढें झी मराठी झाली. तिच्यावरील 'आभाळमाया' आमच्या घरीं सर्वांना प्रिय होती. सुकन्या कुलकर्णी यांनीं रंगविलेली प्राध्यापिका सुधा ही आमच्या बहिणीला आपलीच कोणी वडील मैत्रीण वाटे. २००० सालीं हैदराबादच्या रामोजी समूहानें ई टीव्ही मराठी काढली. एकेकाळीं आमची राजधानी असलेल्या शहरांतून आमची भाषा घरीं परत आली, ह्याची मौज आमच्या वडिलांना फार वाटे. तिच्यावरची 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे ३००० हून अधिक भाग झाले. आमच्या मावशीच्या घरीं ह्या काळांत दोन सुना आल्या, दोन नातवंडें शाळेंत गेलीं. पण रोहिणी हट्टंगडी यांच्या सासूबाई आपल्या जागीं कायम!

लातूरच्या घराला सर्वांत अधिक आनंद दिला तो मात्र २००८-०९ सालच्या 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स'नें. शेवटच्या फेरींत पांच मुलें होतीं: कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि आमच्या लातूरचा रोहित राऊत. विजेती ठरली आळंदीची कार्तिकी आणि ती गाण्यानें जिंकली ह्यांत शंका नाहीं. पण रोहित गाऊं लागला कीं मावशीच्या घरीं चमच्याचा आवाज झालेला खपत नसे. भूकंपानंतर पंधरा वर्षांनीं 'लातूर' हा शब्द टीव्हीवर टाळ्यांच्या कडकडाटांत उच्चारला जात होता. हाच रोहित २०२० सालीं 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वांत पहिला उपविजेता झाला. त्या मुलाच्या गळ्यांत सूर होता म्हणून तो तेथवर गेला. परंतु त्याला पाहतांना ह्या गांवच्या कित्येक मुलांना आपणहि दिसण्याजोगे आहों, असें प्रथमच वाटलें असेल.

आतां एका रूक्ष गोष्टीकडे वळतों. कोणता कार्यक्रम लोकप्रिय आहे हें ठरवितात कसें? कांहीं निवडक घरांतील टीव्हींना मापकयंत्रें जोडलेलीं असतात. त्यांवरून किती लोक काय पाहतात ह्याचा अंदाज बांधतात आणि त्या अंदाजावर जाहिरातींचा पैसा वाहतो. पूर्वीं ही मोजणी मुख्यतः शहरांची होत असे. २०१५ सालीं बार्क ह्या संस्थेनें नवी मोजणी सुरू केली आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरापासून तींत ग्रामीण घरेंहि आलीं. त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत झी मराठीवर काय काय आलें पाहा: कोंकणांतली 'रात्रीस खेळ चाले', नागपूरच्या राधिकेची 'माझ्या नवऱ्याची बायको', कोल्हापूरकडची 'तुझ्यात जीव रंगला' आणि साताऱ्याकडची 'लागिरं झालं जी'. हा केवळ योगायोग मानणें मला कठीण वाटतें. ज्याची मोजदाद होते त्याची गोष्ट सांगितली जाते, असा ह्या व्यवहाराचा नियम दिसतो.

ह्या चारी मालिका आम्हीं आवडीनें पाहिल्या. मालवणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी बोली घरांत घुमूं लागल्या. आमचा धाकटा पुतण्या शाळेंतून येऊन कोल्हापुरी थाटांत चहा मागूं लागला! पण 'काय करायलाव?' ह्या आमच्या नांदेडकडच्या साध्या प्रश्नाला अशा मालिकेंत तितकें मानाचें स्थान मिळालेलें माझ्या पाहण्यांत नाहीं. त्याच पुतण्याला पुण्यास शिकावयास पाठविलें तेव्हां तो पहिल्या महिन्यांत ही क्रियापदें विसरून आला. कोणी त्याला रागावलें नव्हतें. आपण बोलतों तसें पडद्यावर कोणी बोलत नाहीं, ह्यावरून त्यानें आपला निष्कर्ष काढला होता.

ह्या बोलींत कांहीं उणें आहे काय? औरंगाबादचे डॉ. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' ह्या प्रयोगांत एकटे उभे राहून पन्नासांवर माणसें उभीं करीत आणि त्यांतली खेडवळ माणसें मराठवाड्याची भाषा बोलत. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांपासून परदेशापर्यंत लोक पोट धरधरून हसले. आणि त्या भोळ्या माणसांवर जीव जडला म्हणून हसले. एका माणसाला जें रित्या रंगभूमीवर साधलें, तें शेंकडों माणसें, दिवे आणि यंत्रें दिमतीला असतांना वाहिन्यांना साधूं नये, असें नाहीं. आम्हीं तें मागितलें पाहिजे.

मागावयाचें तर आधीं नीट पाहिलें पाहिजे. आणि ह्या बाबतींत आमच्या घरची संवय अलीकडे बिघडली होती. माळवद गेलें, अँटेना गेली, केबल आली, मग छत्री आली आणि आतां प्रत्येकाच्या तळहातावर स्वतंत्र पडदा आला. आजी कीर्तन ऐकते, मुलगा क्रिकेट पाहतो, सूनबाई मालिका पाहते; एका छपराखालीं चार ओसऱ्या, आणि कोणत्याहि ओसरीवर दुसरें माणूस नाहीं. २०२० च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली आणि २८ तारखेपासून दूरदर्शननें 'रामायण' पुन्हा दाखविलें, तेव्हां आम्ही कित्येक वर्षांनीं एकत्र बसलों. त्या तेहतीस वर्षांपूर्वींच्या चित्रांत आजच्या मुलांना नवल वाटावें असें थोडेंच होतें. परंतु मुलांनीं प्रश्न विचारले, वडिलधाऱ्यांनीं उत्तरें दिलीं आणि 'बुनियाद'च्या दिवसांतलें तें जेवतांनाचें बोलणें पुन्हा सुरू झालें.

तेव्हांपासून आम्हीं घरांत एक साधा नेम ठेविला आहे. दिवेलागणीनंतरचा एक कार्यक्रम सर्वांनीं मिळून पाहावयाचा. तो आळीपाळीनें एकेकानें निवडावयाचा. आजीच्या पाळीला कीर्तन, मुलाच्या पाळीला 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. कार्यक्रम संपतांच टीव्ही बंद करून त्याविषयीं बोलावयाचें आणि तें आपल्या बोलींत बोलावयाचें. जें फार आवडलें किंवा फार खटकलें, तें महिन्यांतून एकदां वाहिनीला लिहून कळवावयाचें. मापकयंत्र आमच्या घरीं नाहीं. पण पत्र पाठविण्यास यंत्र लागत नाहीं.

श्रोतेहो, नांदेड-लातुराकडच्या माणसानें गेल्या चाळीस वर्षांत पडद्यावर अयोध्या पाहिली, हस्तिनापूर पाहिलें, मुंबईचे दिवाणखाने आणि कोल्हापूरच्या तालमी पाहिल्या आणि त्या सर्वांवर मनापासून प्रेम केलें. इतक्या उदार प्रेक्षकानें एखाद्या संध्याकाळीं आपलेंहि आंगण त्यांत दिसावें अशी इच्छा धरली, तर ती कांहीं फार मोठी मागणी नव्हे. तोंवर आपल्या घरचें बोलणें आपण चालूं ठेवूं, इतकें सुचवून मी आपली रजा घेतों.