मोलाचें काम आणि मनाचें काम



मनुष्य काम कां करतो, असें कोणी विचारलें तर आपण बहुतेक जण क्षणाचाही विलंब न लावतां उत्तर देऊं: पोटासाठीं आणि पैशासाठीं. 'दाम करी काम' ही म्हण आपल्या भाषेंत उगीच रुजलेली नाहीं. कारखानदार याच समजुतीवर वेतनाचे तक्ते आंखतो, आणि परीक्षेंत पहिला नंबर आणलास तर सायकल घेऊन देईन असें मुलास सांगणारा बापही याच समजुतीवर चालतो. ही समजूत खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. ती अपुरी आहे, आणि ती किती अपुरी आहे हें समजण्यासाठीं फार दूर जावयास नको. रायगड जिल्ह्यांतल्याच, म्हणजे १९८१ पर्यंत ज्याला आपण कुलाबा जिल्हा म्हणत होतों त्या जिल्ह्यांतल्याच, दोन गोष्टी आज आपणांपुढें ठेवितों.

पहिली गोष्ट अलिबाग तालुक्यांतील चरी या गांवची. हा सारा खारेपाटाचा मुलूख. भाताची जमीन खोताच्या ताब्यांत, आणि ती कसणारें कूळ पिढ्यान्‌पिढ्या राबूनही केव्हां हुसकलें जाईल याचा नेम नाहीं. पिकाचा मोठा वांटा खोताच्या घरीं जावयाचा, शिवाय वेठ निराळी. २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांची सभा भरली आणि खोताची जमीन कसावयाची नाहीं असा निश्चय झाला. शेतकऱ्याचा संप! गिरणीच्या मजुरानें संप केला तर मालकाचें चाक थांबतें; शेतकऱ्यानें केला तर पहिली चूल थांबते ती त्याची स्वतःची. तरीही तो संप एक हंगाम नव्हे, दोन हंगाम नव्हे, १९३९ पर्यंत चालला. आसपासचीं पंचवीस गांवें त्यांत होतीं. शेतें ओस पडलीं. लोकांनीं रानांतील लांकूडफाटा विकला, खाडींतील मासळीवर दिवस काढले, बाहेरगांवीं मजुरी केली. १९३४ सालीं डॉ. आंबेडकर स्वतः चरीस आले आणि त्यांनीं या लोकांच्या पाठीवर हात ठेविला. पुढें १९३९ च्या कूळकायद्यानें कुळास कायद्याचा आधार मिळूं लागला, आणि खोतीची पद्धति नष्ट करणारा कायदा १९४९ सालीं झाला.

आतां विचार करा. जमीन कसली असती तर अर्धपोटी कां होईना, पण भात मिळालें असतें. 'दाम करी काम' हेंच मनुष्यस्वभावाचें संपूर्ण सूत्र असतें, तर उपाशी मनुष्यानें हातचा अर्धा घांस टाकला नसता. त्यानें तो सहा वर्षें टाकला.

दुसरी गोष्ट कुंडलिका नदीच्या कांठची. या नदीच्या एका तीरावर रोहें आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. मध्यें पूल आहे, आणि नगरपालिका दोहोंची मिळून एकच. तिच्या नांवांत दोन्ही गांवें गुण्यागोविंदानें नांदत आहेत. अष्टमीच्या कांठावर उभें राहिलें म्हणजे पलीकडे जें गांव दिसतें, त्या रोह्यास १९ ऑक्टोबर १९२० रोजीं पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म झाला. स्वाध्याय परिवाराचे 'दादा' म्हणून ते पुढें देशभर ओळखले गेले; १९९६ सालीं मॅगसेसे आणि १९९७ सालीं टेम्पल्टन पारितोषिक त्यांस मिळालें, आणि २००३ सालीं ते निवर्तले. त्यांच्या तत्त्वज्ञानाविषयीं आज मला बोलावयाचें नाहीं. त्यांच्या मागें त्यांच्या परिवारांत वादही झाले. तेही बाजूस ठेवूं. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास त्यांचे प्रयोग मात्र डोळ्यांआड करतां येणार नाहींत.

त्यांतला एक प्रयोग 'योगेश्वर कृषी' या नांवाचा. गांवानें मिळून एक जमिनीचा तुकडा घ्यावयाचा. तो कोणा एकाच्या मालकीचा नाहीं. गांवांतील घराघरांतून माणसांनीं पाळीपाळीनें तेथें येऊन कांहीं दिवस राबावयाचें, आणि तेंही मजूर म्हणून नव्हे, पुजारी म्हणून. जें पीक येईल त्याला शास्त्रीबुवांनीं नांव दिलें 'अपौरुषेय लक्ष्मी': कोणाही पुरुषाची नव्हे अशी लक्ष्मी. त्यांतून गांवांतील अडल्यानडल्याच्या घरीं प्रसाद म्हणून गाजावाजा न करतां मदत पोंचवावयाची. किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांसाठीं त्यांनीं हाच विचार 'मत्स्यगंधा' या होड्यांच्या रूपानें मांडला. होडी सर्वांची, खलाशी पाळीनें येणारे, मिळकत कोणाचीच नाहीं. ज्या मनुष्याचा स्वतःचा दिवस हातावर पोट घेऊन उगवतो, तो आपल्या वर्षांतले कांहीं दिवस असे फुकट देतो, आणि देऊन आल्यावर अधिक ताठ मानेनें चालतो.

म्हणजे एका गांवचा शेतकरी मोबदला समोर असतां काम करीत नाहीं, आणि दुसऱ्या गांवचा शेतकरी मोबदला नसतां काम करतो. दोघे एकाच मातींतले, एकाच थरांतले. पहिला आळशी नव्हता, दुसरा कांहीं सुखवस्तु रिकामटेकडा नव्हता. मला असें वाटतें कीं, दोघांनींही आपल्या मनाशीं एकच प्रश्न विचारला होता: हें काम कोणाचें? चरीच्या कुळास उत्तर मिळालें, खोताचें. शेतीचें काम तेंच, चिखल तोच, पण तें काम त्याचें उरलें नव्हतें. योगेश्वर कृषीवर येणाऱ्यास उत्तर मिळालें, माझें आणि आम्हां सर्वांचें.

हा केवळ माझा तर्क नव्हे. एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९७१ सालीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांना ठोकळे जुळवून आकृति करण्याचीं कोडीं त्यानें दिलीं. कोडीं मोठीं मजेदार होतीं. मुलें त्यांत रमून जात. दुसऱ्या दिवशीं अर्ध्या विद्यार्थ्यांना सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागें एक डॉलर मिळाला, उरलेल्यांना कांहीं नाहीं. तिसऱ्या दिवशीं कोणालाच पैसे नव्हते. दरवेळीं मध्येंच कांहीं निमित्त काढून शास्त्रज्ञ आठ मिनिटें खोलीबाहेर जात असे. टेबलावर मासिकें पडलेलीं होतीं. विद्यार्थ्यानें वाटेल तें करावें. खरें पाहावयाचें होतें तें याच आठ मिनिटांत. ज्यांस आदल्या दिवशीं डॉलर मिळाले होते, त्यांचा कोड्यांतला रस या तिसऱ्या दिवशीं उतरलेला दिसला. खेळ होता त्याचें काम झालें होतें. आणि काम विनामूल्य कोण करील?

१९७३ सालीं लेपर, ग्रीन व निस्बेट या तिघांनीं तीन ते पांच वर्षांच्या मुलांवर अशीच परीक्षा घेतली. चित्रें काढणें हा या मुलांचा आवडता उद्योग. कांहींना आधींच सांगितलें कीं, चित्र काढलेंस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलें प्रशस्तिपत्रक मिळेल. कांहींना तेंच पत्रक चित्र काढून झाल्यावर अकल्पितपणें दिलें, आणि कांहींना दिलेंच नाहीं. आठपंधरा दिवसांनीं पाहिलें तों, सौदा करून चित्र काढणारीं मुलें इतरांच्या मानानें निम्मा वेळच रंगाच्या पेनांजवळ बसूं लागलीं होतीं. अकल्पित बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह मात्र कायम होता. हा फरक बारकाईनें लक्षांत घेण्यासारखा आहे. बिघाड बक्षिसानें होत नाहीं, सौद्यानें होतो.

दंडाचीही तीच कथा. इस्रायलमधील हैफा शहरांतील कांहीं शिशुशाळांत, मुलास न्यावयास उशिरा येणाऱ्या पालकांवर दहा शेकेल दंड बसविला, तर उशिरा येणाऱ्यांची संख्या कमी होण्याऐवजीं जवळ जवळ दुप्पट झाली. आजवर त्यांस बाईंची भीड वाटत होती. आतां भीड उरली नाहीं, दर ठरला. पुढें दंड काढून टाकला तरी गेलेली भीड परत आली नाहीं. हा प्रयोग २००० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील हें शेवटचें निरीक्षण मला सर्वांत अधिक चिंताजनक वाटतें.

खारेपाटांत समुद्राचें पाणी अडविणारे मातीचे बांध असतात. उधाणाची भरती आली आणि बांधाला खांड गेली, म्हणजे पूर्वीं गांवचा गांव घमेलीं-फावडीं घेऊन धांवे; कारण पाणी शेतांत शिरलें तर तें कोणा एकाचें शेत पाहून शिरत नसे. १९४८ च्या आणि नंतर १९७९ च्या खारजमिनीच्या कायद्यान्वयें पुष्कळ बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. हेतु चांगला होता आणि कित्येक ठिकाणीं त्याचा उपयोगही झाला. पण बांध सरकारचा झाल्यापासून तो पडला तरी लोक सरकारची वाट पाहतात, अशी तक्रार खारेपाटांतल्या वृद्ध मंडळींच्या तोंडीं असते. बांध फुटण्याला दुसरीं कारणें पुष्कळ असतील. परंतु या तक्रारींत मानसशास्त्राचें एक सत्य आहे, असें मला वाटतें.

येथपर्यंत ऐकून कोणी लबाड मालक मनांतल्या मनांत खूष होत असेल, तर त्यानें थोडें थांबावें. पैशानें मन मरतें, तेव्हां पैसे देऊंच नयेत, असा याचा अर्थ नाहीं. ज्या कामांत मुळींच गोडी नाहीं, तेथें मोबदल्यानें गोडी मरण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. तेथें मजुरी पुरेपूर आणि वेळेवर दिली पाहिजे. मोबदल्याचा हा परिणाम कितपत व्यापक आहे याविषयीं विद्वानांतही बराच वाद झालेला आहे. आणि दुसऱ्याच्या सेवाभावावर आपली पोळी भाजून घेण्याची विद्या तर आपल्या समाजाला फार पूर्वींपासून अवगत आहे. वेठ हें तिचें जुनें नांव. नवें नांव पाहिजे असेल तर 'मानधन' हा शब्द पाहा. अंगणवाडीच्या सेविकेला आणि आशा म्हणून घरोघर फिरणाऱ्या बाईला वेतन न देतां मानधन देतात. शब्दांत मान आहे, धन मात्र बेताचें. त्या बायांनीं महाराष्ट्रांत वेळोवेळीं संप केले, ते त्यांचा सेवाभाव आटला म्हणून नव्हे. घरांतल्या गृहिणीविषयीं तर बोलावयासच नको. तिच्या कामाला आपण 'प्रेम' म्हणतों आणि हिशेबाची वही मिटून ठेवितों.

तेव्हां भेद फुकट आणि विकत असा नाहीं. डेसी आणि त्याचा सहकारी रिचर्ड रायन यांनीं पुढें अनेक वर्षें अभ्यास करून असें मांडलें कीं, मनाला तीन गोष्टींची भूक असते: जें करतों तें आपल्या इच्छेनें करतों ही जाणीव, तें आपणांस साधतें ही जाणीव, आणि आपल्या माणसांत आपल्याला जागा आहे ही जाणीव. या कसोटीवर चरी आणि योगेश्वर कृषी पुन्हां ताडून पाहा. खोताच्या शेतावर यांतली पहिली आणि तिसरी भूक रोज मारली जात होती. संपाच्या काळांत पोट उपाशी राहिलें, पण या दोन भुका भागल्या. पंचवीस गांवें एका निश्चयानें उभीं होतीं. पुजारी म्हणून शेतावर आलेल्याच्या तिन्ही भुका भागतात. तो स्वतः होऊन आलेला असतो, नांगर धरावयास कोणी त्याला शिकवावें लागत नाहीं, आणि बांधावर त्याच्या शेजारीं जो उभा असतो तो त्याचा मुकादम नसतो.

शहरांतल्या आपल्या घरांत शेत नाहीं, बांध नाहीं, मुलें आहेत. माझ्या एका स्नेह्यांची मुलगी आठव्या-नवव्या वर्षीं फार वाचीत असे. बापाला कौतुक वाटलें. त्यांनीं दर पुस्तकामागें दहा रुपये देण्याचें कबूल केलें आणि भिंतीवर एक तक्ताही लावला. पहिल्या महिन्यांत पुस्तकांची संख्या भराभर वाढली. दुसऱ्या महिन्यांत आईच्या लक्षांत आलें कीं, मुलगी कपाटांतून सर्वांत पातळ पुस्तकें निवडून काढते. चौथ्या महिन्यांत बापानें तक्ता काढून टाकला, तर वाचनही थांबलें. कपाट तसेंच भरलेलें, मुलगी त्याच्याकडे पाहीना.

त्या घरीं एक आत्या राहावयास आल्या. त्यांनीं मुलीला कांहींच सांगितलें नाहीं. रात्रीं निजण्यापूर्वीं त्या एक जाडजूड कादंबरी मोठ्यानें वाचीत, कथेचा नायक ऐन संकटांत सांपडला कीं चष्मा काढून ठेवीत आणि म्हणत, "आज डोळे दुखतात हो, पुढचें उद्यां." असें पांच-सहा रात्रीं झालें. सातव्या दिवशीं सकाळीं आत्याबाई उठून पाहतात, तों उशाशीं ठेवलेली कादंबरी तेथें नव्हती.