टल्ली म्हणण्याआधी



आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दाराशी झाले. त्यामुळे आजच्या विषयासाठी आम्हांला ग्रंथ धुंडाळावे लागले नाहीत. प्यालेल्या माणसाला आपली मराठी काय काय म्हणते पाहा : तर्र, टल्ली, टुन्न, टाइट, झिंगलेला. कोणी ‘लावून’ येतो, कोणी ‘टाकून’, कोणी ‘मारून’. यांत दारूचे नाव कोठेच नाही! ‘घेतली’, ‘चढली’ एवढ्यावरून आपण ओळखायचे. जुन्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, तशी ही मर्यादा.

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि हातभट्ट्या फोफावल्या. चोरट्या मालाला चोरटी भाषा लागतेच. १९६० च्या सुमारास दशमान पद्धतीने शेराची मापे बाजारातून घालवली; ‘पावशेर’ आणि ‘नवटाक’ गुत्त्यावर टिकून राहिली.

या शब्दांतही वर्ग आहेत. साहेबांना ‘जरा जास्त झाली’. कामगार मात्र ‘बेवडा’. साहेब ‘बसतात’, कामगार ‘पडतो’.

आपण हसलात. आम्हीही हसत असू. एका कारखान्यात रात्रपाळीला आमचा एक सोबती अडखळू लागला. जीभ जड झाली, अंग घामाने भिजले. कोणी म्हणाले, “टल्ली आहे!” सगळे हसले, हसणाऱ्यांत आम्हीही होतो. ‘उतरेल’ म्हणून त्याला बाकावर निजवले. तासाभराने डॉक्टर आले, तेव्हा कळले की मधुमेहाची गोळी घेऊन तो उपाशीपोटी कामावर आला होता आणि रक्तातली साखर उतरली होती. शुद्धीवर होता तोवर चार चमचे साखरेने भागले असते. माणूस वाचला. पण त्याच्यावरील आरोपपत्रात ‘मद्यप्राशन’ लिहिले गेले, आणि पुराव्याला आमचाच विनोद पुढे आला. तो डाग पुसायला आठ महिने गेले.

२०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्या विषाची पहिली लक्षणेही साध्या नशेसारखीच असतात. म्हणजे खरोखर प्यालेल्यालाही ‘उतरेल’ म्हणून सोडून देणे धोक्याचेच.

आपल्या खराडीत रात्रपाळी आता संगणकाच्या कचेऱ्यांतही चालते. उद्या रस्त्यात कोणी झोकांड्या खाताना दिसला, तर शब्द ओठांवर येईलच. तो गिळा, जवळ जा, “दादा, काय होतंय?” एवढे विचारा. उत्तर नीट आले नाही, तर दवाखाना गाठा. प्यालेला निघाला, तर हसायला रात्र पडलीच आहे.