सुरक्षा परिषदेपासून गावसभेपर्यंत

(संयुक्त राष्ट्र दिनानिमित्त सास्तूर येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर दिलेले व्याख्यान)



जागतिक शांतता व सुरक्षितता हा विषय न्यूयॉर्क-जिनिव्हाचा. त्याचा सास्तूरशी काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हे गाव ज्या संस्थानात होते, त्या हैदराबादचा प्रश्न १९४८ साली प्रत्यक्ष सुरक्षा परिषदेपुढे गेला होता.

त्या वर्षी लातुरात वकिली केलेल्या कासीम रझवींच्या रझाकारांनी मराठवाड्यात धुमाकूळ घातला होता. भारत सरकारशी झालेला जैसे थे करार मोडकळीस आला होता. अशा वेळी, २१ ऑगस्ट रोजी निजाम सरकारने सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ३५ प्रमाणे सदस्य नसलेले राज्यही आपला तंटा परिषदेपुढे मांडू शकते. भारताचे म्हणणे असे, की हैदराबाद हे स्वतंत्र राज्यच नव्हे. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. राज्यांच्या अंतर्गत बाबींत संयुक्त राष्ट्रांनी हस्तक्षेप करू नये, असे त्याच सनदेचे कलम २ सांगते.

१३ सप्टेंबर रोजी भारतीय सेना सोलापूरहून निघून नळदुर्गात आली. १६ तारखेला पॅरिस येथे परिषदेने आठ मतांनी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. तीन सदस्य तटस्थ राहिले. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि २२ तारखेला तक्रार मागे घेत असल्याची तार केली. परिषदेने या विषयावर कधीही ठराव केला नाही. विषय मात्र कितीतरी वर्षे तिच्या यादीत पडून राहिला.

निजामी राजवटीतून मुक्तता झाली, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. तथापि इतिहासाचे दुसरे पानही वाचले पाहिजे. पोलिस कारवाईच्या काळात व तिच्यानंतर अनेक गावांत सूडाचा आगडोंब उसळला आणि त्यात निरपराध मुस्लिम कुटुंबे होरपळली. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने वर्षाअखेरीस दौरा करून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक पीडित असल्याचे नमूद केले. संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. त्याच अहवालात, जिवावर उदार होऊन मुस्लिम शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. विणकरांनी विणकरांचे रक्षण केले.

यातून बोध कोणता? पॅरिसमध्ये वाद चालला तो राज्य कोणते आणि अधिकार कोणाचा, यावर. गावातला माणूस त्या चर्चेत नव्हता. ही उणीव जगाला हळूहळू उमगली. २००५ साली सर्व सदस्य राष्ट्रांनी मान्य केले, की वंशसंहार व तत्सम अत्याचारांपासून आपल्या जनतेचे रक्षण करणे ही प्रत्येक राज्याची प्रथम जबाबदारी होय; ते न घडल्यास राष्ट्रसमुदायाने सुरक्षा परिषदेमार्फत पुढे यावे. परंतु तेथे पाच स्थायी सदस्यांपैकी एकाचाही नकाराधिकार पाऊल अडवू शकतो. म्हणून पहिली जबाबदारी हीच खरी ढाल आहे.

ती जबाबदारी मंत्रालयातच थांबत नाही. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये गावच्या शांततेस धोका दिसताच वरिष्ठांना कळविणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य आहे. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने तंटे सामोपचाराने मिटविण्याची वाट दाखविली. अफवा उठताच दोन्ही समाजांच्या वडीलधाऱ्यांना एकत्र बसविणे, बांधाचा वाद जातीचा वा धर्माचा होऊ न देणे, ही कामे कोणतीही परिषद आपल्यासाठी करणार नाही. शिक्षकांनी मुक्तिसंग्राम शिकविताना शेजाऱ्याला वाचविणाऱ्यांचीही आठवण द्यावी.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूर उद्ध्वस्त झाले, तेव्हा देशविदेशांतून मदत आली. पण ढिगाऱ्याला पहिला हात लागला तो शेजाऱ्याचाच. शांततेचेही तसेच आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!