परिमित परिषद

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



१९१६ साली या बडोद्यातून एक संस्कृत ग्रंथ छापून बाहेर पडला. राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने निघालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे हे पहिले पुष्प होय. लिहिणाऱ्या माणसाने दुसऱ्या लिहिणाऱ्याच्या कवितेला वा कथेला प्रतिसाद द्यावा कसा, हा आजचा विषय. आणि त्याची सुरुवात आपल्याच गावी छापल्या गेलेल्या या ग्रंथापासून करणे सर्वथा उचित होईल.

राजशेखर सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचा. कनोजच्या प्रतिहार राजांच्या दरबारी त्याने मान मिळवला. परंतु घराणे महाराष्ट्रातले. म्हणजे आजच्या परिभाषेत बोलायचे तर तोही बृहन्महाराष्ट्रीयच! कवीची दिनचर्या सांगताना तो म्हणतो की, सकाळी रचलेल्या काव्याची परीक्षा दिवसाच्या चौथ्या प्रहरी करावी. एकट्याने, किंवा परिमित परिषदेत. कारणही तो देतो. रचनेच्या आवेशात असताना विवेकाची दृष्टी जागी नसते. पुढचे दोन इशारे तर मोठे व्यवहारी आहेत. अपुरी रचना कोणापुढे वाचू नये. आणि नवी रचना एकट्यादुकट्यापुढे तर मुळीच वाचू नये, कारण उद्या त्याने ती आपलीच म्हणून सांगितली तर साक्षीदार कोठून आणणार? वाङ्मयचौर्याची ही चिंता आजच्या कवींनाच पडते असे नाही.

याच ग्रंथात रसिकांचे, त्याच्या शब्दांत ‘भावकां’चे, चार प्रकार आले आहेत. पहिला अरोचकी, त्याला काहीच रुचत नाही. ही अरुची दोन प्रकारची. एक उपजत, कथलावरचा काळिमा शंभर संस्कारांनीही जात नाही, तशी. दुसरी ज्ञानातून आलेली; खरोखर सरस काही समोर आले की ती आपोआप विरघळते. दुसरा भावक सतृणाभ्यवहारी, म्हणजे धान्याबरोबर गवतही गिळणारा. त्याला सर्वच रुचते. तिसरा मत्सरी, त्याला गुण दिसतो, पण दिसूनही तो न दिसल्यासारखा असतो. चौथा तत्त्वाभिनिवेशी, रचनेच्या मर्माशी जाऊन भिडणारा. असा हजारांत एखादाच, असे राजशेखर स्पष्ट म्हणतो.

आपल्या साहित्यमेळाव्यांत या चौघांपैकी कोणाचे बहुमत असते, हे सांगावयास नको. वाचन संपते, टाळ्या होतात, ‘वा, फारच हृद्य!’ असे दोन-तीन उद्गार निघतात आणि चहा येतो. त्यात कोणाचा अपराध नाही. गवताचीही चव गोड लागावी असे त्या संध्याकाळचे वातावरण असते. पण ज्याने वाचले तो घरी जातो तेव्हा त्याच्या हाती काय पडलेले असते?

राजशेखराच्या घरी मात्र निराळा प्रकार होता. त्याची पत्नी अवंतिसुंदरी. काव्याचा ‘पाक’ म्हणजे काय, याची चर्चा चालली आहे. एक पक्ष म्हणतो, शब्द जागचा हलवता येऊ नये इतका नेमका बसला की पाक साधला. अवंतिसुंदरी म्हणते, हा पाक नव्हे, ही तर अशक्ती! थोर कवींच्या ठायी एकाच वस्तूचे अनेक पाठ उभे राहू शकतात. रसाला उचित असे शब्द व अर्थ जुळणे हा खरा पाक. पत्नीचे हे मत पतीने नावानिशी ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. ‘हृद्य’ म्हणून सोडून देण्यापेक्षा ‘ही अशक्ती आहे’ असे सकारण सांगणे हा अधिक मोठा आदर, हे त्या घरात ठाऊक असावे.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हेच कीर्तिकर पुढे १९०९ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाचेही अध्यक्ष झाले. जळगावी त्यांनी त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाची कविता ऐकली आणि ‘बालकवी’ हे नाव दिले. भरसभेतल्या प्रतिसादाचे याहून भाग्यवान उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. तरीही ते नावच होते. कवीला लागतो तो शेजार. आणि तो ठोमऱ्यांना अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी मिळाला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त ज्यांना हे घर भेटले आहे, त्यांना या दोन गोष्टींतला फरक वेगळा सांगण्याची गरज नाही.

‘रविकिरण मंडळ’ हे तर परिमित परिषदेचे अगदी जवळचे रूप. १९२३ साली पुण्यात हे मंडळ निघाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, रानडे पतिपत्नी, घाटे, दिवाकर अशी मंडळी रविवारी चहाला जमत, एकमेकांना कविता वाचून दाखवीत आणि मिळून संग्रह काढीत. यांपैकी माधव जूलियन १८९४ साली जन्मले ते या बडोद्यात. यशवंत पुढे या संस्थानचे राजकवी झाले. परस्परप्रशंसेचा आरोप या मंडळावर पुष्कळ झाला आणि तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणवत नाही. चहाची गोडी कवितेत उतरतेच. परंतु छंदाच्या मात्रा तोलून पाहणारा, पुढे ‘छंदोरचना’ लिहिणारा माणूस ज्या बैठकीत बसला आहे, तेथे सैल ओळ सुखाने निसटून जात असेल असे मानणेही कठीण आहे.

या मंडळाला सर्वांत मार्मिक प्रतिसाद आला तो बाहेरून. १९२५ साली ‘केशवकुमारां’ची, म्हणजे आचार्य अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध झाली आणि सारा महाराष्ट्र हसला. विडंबन हा टवाळीचा प्रकार आहे, अशी समजूत असते. पण कवीची लकब, त्याची लाडकी क्रियापदे, भावनेला आलेले सुजरेपण हे सारे कानांत मुरल्यावाचून विडंबन साधत नाही. अत्र्यांनी रविकिरणांच्या कविता त्यांच्या कित्येक चाहत्यांहून बारकाईने वाचल्या होत्या, हे कबूल केले पाहिजे.

कथेच्या प्रांतात हे काम ‘सत्यकथे’ने केले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची लेखकांना जाणारी पत्रे हा मराठी कथेच्या घडणीचा एक अंगभूत भाग आहे. कथा परत येई, पण कोठे काय ढिले झाले आहे ते सांगणारे पत्र घेऊन. या कडक शिस्तीचा राग येणारेही होते. १९६९ साली काही तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. १९८२ मध्ये ते मासिक बंद पडले. आता अशी सविस्तर पत्रे कोण लिहितो?

बडोद्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक बिकट होतो. पुण्यात एका मंडळाने कवीला दुखावले तर तो दुसऱ्या मंडळात जाईल. येथे दुसरे मंडळ कोठे आहे? लिहिणारे आणि ऐकणारे तेच पंचवीसजण. लग्नामुंजीत भेटणारे, एकमेकांची दुखणीखुपणी जाणणारे. म्हणून खरे बोलण्याचा संकोच होतो, आणि एखाद्याने खरे बोलताना हात जड केला तर त्याची भरपाई होत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत एका तरुणाने कविता वाचली. तीत ‘ओटला’ हा शब्द होता. एका ज्येष्ठ सभासदांनी सर्वांदेखत सांगितले की, हा गुजराती शब्द. मराठीत ‘ओटा’ म्हणतात. पाठोपाठ ऱ्हस्वदीर्घाच्या चुकाही काढल्या. व्याकरणदृष्ट्या त्यांचे चुकले नव्हते. पण त्या मुलाच्या आजीच्या घरी तीन पिढ्या ‘ओटला’च म्हणत आल्या होत्या, संध्याकाळी त्यावर बसणारी आजी हाच त्या कवितेचा जीव होता. ‘ओटा’ म्हटल्याबरोबर आजी उठून गेली. तो तरुण पुन्हा आला नाही. तो आता गुजरातीत लिहितो आणि चांगले लिहितो, असे ऐकिवात आहे. गुजरातीचा लाभ झाला याचा आनंदच मानावा. पण मराठीने तो गमावला तो ज्ञानाच्या अभावी नव्हे, अवंतिसुंदरीच्या अभावी.

त्याच बैठकीतली दुसरी हकीकत. एका गृहिणीने सासूबाईंच्या अखेरच्या दिवसांवर कथा वाचली. डोळे पुसले गेले, ‘हृद्य’ही झाले. मागच्या रांगेतले एक निवृत्त कारकून मात्र म्हणाले, “ताई, दुसऱ्या पानावर सासूबाई पाणी मागतात. ते त्यांना कोणी दिले का?” बाई निरुत्तर झाल्या. लिहिताना ते पाणी त्यांच्या हातून राहून गेले होते. तीन महिन्यांनी त्यांनी कथा पुन्हा आणली तेव्हा तिचे निम्मे वर्णन गळले होते आणि सारी कथा त्या पाण्याच्या पेल्याभोवती उभी राहिली होती. पेला देण्यास सुनेने केलेला विलंब, हाच आता तिचा विषय होता. त्या गृहस्थांनी स्वतः आयुष्यात चार-पाच कविता लिहिल्या असतील. समीक्षेचा एकही ग्रंथ त्यांच्या नावावर नाही. ग्रंथालयाच्या देवघेव खात्यात मात्र त्यांचे नाव पानोपानी सापडते.

शताब्दीच्या निमित्ताने मासिक बैठक पुन्हा सुरू करण्याचा संकल्प कार्यकारी मंडळाने सोडला आहे. तिच्यासाठी दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वाचावयाच्या मजकुराच्या प्रती आठ दिवस आधी सभासदांना मिळाव्यात, म्हणजे ऐकण्यापूर्वी वाचणे होईल. आणि चहा वाचनाआधी द्यावा. तिसरे काम बैठकीबाहेरचे आहे. त्या तरुणाचा पत्ता सभासद-नोंदवहीत अजून आहे. त्याला एक पत्र जावे आणि ‘ओटला’ असलेली ती कविता मागवून घ्यावी.