सतरंज्या, खुर्च्या आणि संगीताची उन्हाळी शाळा
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या शिक्षणसाह्य निधीकडे अलीकडे एक नव्या तऱ्हेचे अर्ज येऊ लागले आहेत. पूर्वी अर्ज येत ते वैद्यकीच्या, स्थापत्याच्या किंवा कायद्याच्या अभ्यासासाठी. आता व्हायोलिन, पियानो किंवा पाश्चात्त्य पद्धतीचे गायन शिकणारी आपली मुलेमुली अमेरिकेतील उन्हाळी संगीतवर्गांसाठी साह्य मागतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुले तर शाळेच्या वाद्यवृंदातच वाढतात, व त्यांना ह्या वर्गांची ओढ असणे स्वाभाविक आहे. ह्या अर्जांसोबत एक प्रश्न हमखास येतो. विद्यार्थ्याने शुल्काचा काही भाग तेथेच काम करून फेडावयाचा असेल, आणि ते काम खुर्च्या मांडण्याचे, दारावर तिकिटे पाहण्याचे किंवा भोजनगृहात वाढण्याचे असेल, तर ते आपल्या मुलांनी करावे काय? काही वडीलधाऱ्या सभासदांचे मत असे की, संस्थेने पैसे द्यावेत. पण आपल्या घरच्या मुलीला परदेशात खुर्च्या उचलण्याची पाळी येऊ देऊ नये. हा आक्षेप मायेपोटी घेतलेला आहे हे मी जाणतो, आणि म्हणूनच त्याचा विचार वरवर करून चालणार नाही.

प्रथम ह्या संस्था कशा आहेत ते पाहू. मिशिगन राज्यात दोन सरोवरांच्या मधल्या रानात इंटरलॉकन नावाचे ठिकाण आहे. तेथे १९२८ साली जोसेफ मॅडी ह्या संगीतशिक्षकाने माध्यमिक शाळांतील मुलांसाठी उन्हाळी छावणी काढली. पहिल्या वर्षी विद्यार्थी होते ११५. मॅसॅच्युसेट्समधील टँगलवुड येथे बोस्टन वाद्यवृंदाचे निर्देशक सर्ज कूसेव्हित्स्की ह्यांनी १९४० साली उन्हाळी विद्यालय सुरू केले. कोलोरॅडोतील ॲस्पेन हे एके काळी चांदीच्या खाणींचे गाव. खाणी बसल्या आणि गाव ओस पडले. १९४९ साली गटेच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने तेथे मोठा तंबू उभारून संगीत झाले, आणि त्यातूनच उत्सव व विद्यालय जन्मास आले. व्हरमाँटमधील मार्लबरो १९५१ सालचे. असल्या वर्गांत मुले उन्हाळ्याचे काही आठवडे राहतात, रोज तालीम करतात व लगोलग लोकांसमोर वाजवतात. काही ठिकाणी निवडलेल्या विद्यार्थ्याचा सर्व खर्च संस्थाच उचलते. टँगलवुडचे विद्यावेतन ह्या प्रकारचे आहे. बाकीच्या बहुतेक ठिकाणी शुल्क हजारो डॉलरांच्या घरात जाते, आणि विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांचा प्रश्न उभा राहतो तो येथेच.

ही कामे कोणती, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसल्याने थोडे विस्ताराने सांगतो. पहिले काम रंगमंचाचे. आपल्याकडे बैठकीला एक सतरंजी, दोन तंबोरे आणि तबल्याची जोडी आली की निम्मी तयारी झाली. तेथे साठ-सत्तर वादक बसावयाचे असतात, आणि प्रत्येक रचनेला खुर्च्यांची मांडणी वेगळी लागते. मोझार्टची छोटी सिम्फनी संपून त्याच कार्यक्रमात स्ट्राविन्स्कीचे 'राइट ऑफ स्प्रिंग' असेल, तर मध्यंतराच्या अल्प वेळात रंगमंचाचा नकाशाच बदलावा लागतो. कारण ह्या दुसऱ्या रचनेला नुसती हॉर्नच आठ लागतात. कोणती खुर्ची कोठे, कोणत्या दोन वादकांत एक स्टँड, हार्प कोणत्या बाजूने आत आणावयाची, हे सारे त्या विद्यार्थ्याला कागदावरून वाचता आले पाहिजे. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीत तीन ट्रॉम्बोन, पिकोलो आणि काँट्राबसून ह्यांना पहिल्या तीन भागांत एक स्वरही नाही. ती वाद्ये चौथ्या भागातच बोलतात. ज्याने त्यांच्या खुर्च्या मांडल्या, त्याने त्यांची ती दीर्घ प्रतीक्षाही पाहिली, आणि चौथा भाग सुरू होताच सभागृहाचा रंग एकाएकी का पालटतो, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

दुसरे काम ग्रंथालयाचे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. वाद्यवृंदात प्रत्येक वादकापुढे त्याच्यापुरती स्वरपत्रिका असते. व्हायोलिनच्या मुख्य वादकाने गज कोठे वर आणि कोठे खाली न्यावयाचा ह्याच्या खुणा ठरवल्या, की त्या मागच्या प्रत्येक स्टँडवरच्या प्रतीत पेन्सिलीने उतरवाव्या लागतात. नाही तर एकाचा गज वर जाईल तेव्हा शेजाऱ्याचा खाली येईल. भाड्याने आणलेल्या प्रती परत करण्यापूर्वी त्याच खुणा खोडूनही टाकाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे खरे. परंतु अनुभवी वादकाच्या गजाचा विचार ओळीओळीने स्वहस्ते उतरवून काढणारा विद्यार्थी ते करताना काही शिकत नसेल, असे मानणे कठीण आहे. आपल्याकडे जुन्या लोकांनी पोथ्या नकलून घेतल्या त्या केवळ प्रतींची संख्या वाढावी म्हणून नव्हे.

ह्याखेरीज ध्वनिमुद्रणाच्या खोलीत साह्य करणे, तालमीची हजेरी घेणे, वसतिगृहात लहान मुलांवर देखरेख ठेवणे, तिकिटांच्या खिडकीवर बसणे आणि डोअरकीपरचे काम अशी अनेक कामे असतात. डोअरकीपरला आपली नाटकवेडी मंडळी चांगली ओळखतात. त्याचे वर्णन मी करीत नाही.

आता मूळ आक्षेपाकडे वळतो. ज्यांना ही कामे हलकी वाटतात त्यांना मी आपल्याच संगीताचा इतिहास आठवावयास सांगेन. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले व पुढे १९०८ साली मुंबईत त्याचा संसार मांडला. उपदेशक वर्गातील त्यांचे विद्यार्थी विद्यालयातच राहत, जेवत व शिकत, आणि त्याचे मोल सेवेने फेडीत. पंडित भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी शिकत होते, तेव्हा पाणी भरण्यासारखी घरकामे त्यांनी केली, हे सर्वश्रुत आहे. मात्र गुरुगृहीच्या सेवेला ना तासांची मर्यादा होती ना मोबदल्याचा करार. गुरू थोर असेल तर सेवेचे सोने झाले; नसेल तर शिष्याची उमेदीची वर्षे पाण्याच्या घागरींत गेली, आणि अशा शिष्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. अमेरिकेतील पद्धतीत कामाचे तास व मोबदला आधी लेखी ठरतो. ह्या एका बाबतीत मला ती पद्धत अधिक न्यायाची वाटते.

काम हे केवळ पैशासाठीच करावयाचे असते असेही नाही. आपल्या मुंबईचे झुबिन मेहता १९५४ साली व्हिएन्नाला शिकावयास गेले. १९५६ च्या उन्हाळ्यात इटलीतील सिएना येथील वर्गात त्यांची व क्लाउडिओ अबाडो ह्यांची मैत्री झाली. व्हिएन्नात थोर निर्देशकांच्या तालमी बाहेरच्यांना बंद असत. ह्या दोघांनी उपाय काढला. ते समूहगायकांत भरती झाले आणि मागच्या रांगेत उभे राहून ब्रूनो वॉल्टर, कारायान ह्यांच्या तालमी त्यांनी डोळे भरून पाहिल्या. १९५८ साली मेहता टँगलवुडलाही जाऊन आले. खुर्च्या मांडणाऱ्या विद्यार्थ्याला जे मिळते ते नेमके हेच: बंद दाराच्या आत उभे राहण्याचा अधिकार.

तथापि ह्या पद्धतीची दुसरी बाजू झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ज्या ठिकाणी केवळ गरजू विद्यार्थीच काम करतात, तेथे संपन्न घरचा मुलगा दुपारी सराव करीत असतो आणि गरीब घरचा त्याच वेळी स्टँड वाहत असतो. संध्याकाळी दोघांची परीक्षा मात्र एकाच मापाने होते. मार्लबरोची प्रथा मला म्हणूनच विशेष आवडते. तेथे भोजनगृहात वाढण्याची पाळी सर्वांवर येते, ज्येष्ठ व कीर्तिमंत वादकांवरसुद्धा. आपल्या संमेलनाच्या पंगतीत आज सकाळी कोण वाढीत होते ते आठवावे. निवृत्त न्यायाधीश जिलेबीचे ताट घेऊन फिरत होते आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटला नाही, कारण पंगत आपली होती. काम सर्वांचे असले की त्याला हलकेपणा उरत नाही; ते एकाच्याच माथी मारले की तेच काम डाग होऊन बसते. आणि येथे थोडे परखड बोलतो, क्षमा असावी. वाढण्याचा मान आणि उष्टी काढण्याचे काम ह्यांत आपण सर्व ज्ञातींनी पिढ्यान्‌पिढ्या जो भेद केला, तोच भेद ह्या आक्षेपाच्या मुळाशी आहे. आपली मुलगी दारावर उभी राहिली तर बोचते. दुसऱ्या कोणाची उभी असली तर आपण तिच्या हाती तिकीट देऊन पुढे जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. विद्यार्थी जे काम करतो ते कोणाच्या पोटावर पाय देऊन तर नाही ना? १९४२ साली अमेरिकेच्या वादक-कामगार संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो ह्यांनी इंटरलॉकनच्या मुलांच्या वाद्यवृंदाचे नभोवाणीवरील कार्यक्रम बंद पाडले. मुले फुकट वाजवू लागली तर पोटार्थी वादकांनी काय करावे, असा त्यांचा सवाल होता. देशभर गहजब झाला. १९४६ साली अमेरिकी काँग्रेसने असल्या बंदीविरुद्ध कायदा केला व १९४७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. मुलांना गप्प बसवणे मला पटत नाही. पण पेट्रिलो ह्यांचा सवाल मात्र खोटा नव्हता. म्हणून बिनमोबदल्याच्या कामापेक्षा मोबदल्याचे काम बरे, असे मी पालकांना सांगतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून आटोपते घेतो. भारतातून जाणाऱ्याने कामाचा विचार करण्यापूर्वी व्हिसा तपासावा. पर्यटक म्हणून गेलेल्याला मोबदल्याचे कोणतेही काम करता येत नाही. विद्यार्थी-व्हिसावर संस्थेच्या आवारातील काम सत्र चालू असता आठवड्यास २० तासांपर्यंत चालते; विनिमय-व्हिसावर प्रायोजक संस्थेची परवानगी आधी घ्यावी लागते. ह्या बाबतीत चूक झाली तर पुढचे शिक्षणच अडते.

दुसरी गोष्ट आपल्या निधीची. विद्यार्थी तेथे काम करून काही मिळवणार आहे एवढ्याच कारणाने त्याचे साह्य कमी करू नये, आणि काम न करण्याची अटही त्याला घालू नये. उलट ज्याला सरावाचे तास विकून काम करावे लागेल असे दिसते, त्याला थोडे अधिक द्यावे, म्हणजे तो चार तासांऐवजी दोन तासच खुर्च्या मांडील. ह्या वर्गांचे अर्ज बहुधा हिवाळ्यातच मागवले जातात व ध्वनिमुद्रित वादनही त्याच वेळी पाठवावे लागते. आपली समिती भरते गुढीपाडव्यानंतर. तोवर जागा भरून गेलेल्या असतात. समितीची बैठक दिवाळी संपताच घ्यावी, अशी लेखी सूचना मी आजच चिटणिसांच्या हाती दिली आहे, आणि उद्याच्या सर्वसाधारण सभेत तिला कोणीतरी अनुमोदन द्यावे, अशी माझी विनंती आहे.