‘आणि इतर’ म्हणजे कोण?

  मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. एरवी मी तुमच्याशी बचत, कर्ज, परतफेड असंच बोलते. आज गाण्याबद्दल बोलणार आहे, चार गाणाऱ्या बहिणींबद्दल. पण वही मिटवू नका, शेवटी ती लागणार आहे.

रोवणीचे दिवस आठवा. बांधीत चिखलात दहा-बारा बाया ओळीनं वाकलेल्या असतात. एक जण गाणं उचलते, बाकीच्या मागून म्हणतात. धुऱ्यावरून जाणाऱ्यानं विचारलं, ‘कोण गाऊन राहिलं?’ तर उत्तर मिळतं, ‘बाया गाऊन राहिल्या.’ कोणती बाई उचलते, कोणती सूर सांभाळते, हे कोणी विचारत नाही. आपणही सांगत नाही.

आता त्या चार बहिणी. लता, मीना, आशा आणि उषा मंगेशकर. त्यांची गाणी आपल्या लग्नात वाजली, एसटीत वाजली, मंडईच्या लाऊडस्पीकरवर वाजली. पण त्यांच्या कामाची गोष्ट आपल्या गटांना किती लागू पडते, याचा मी विचार केला नव्हता.

त्यांचे वडील मास्टर दीनानाथ मोठे गायक नट. स्वतःची नाटक कंपनी होती. पुढे कंपनी बुडाली, घर खालावलं आणि एप्रिल 1942 मध्ये पुण्यात दीनानाथ गेले. लताताई सगळ्यांत मोठ्या, तेव्हा त्यांना तेरा वर्षंही पूर्ण व्हायची होती. पाठीवर तीन बहिणी आणि हृदयनाथ हा लहान भाऊ. घर चालवायला लताताईंनी सिनेमात काम धरलं. त्याच वर्षीच्या ‘पहिली मंगळागौर’ या मराठी सिनेमात त्यांनी छोटी भूमिका केली आणि गायल्याही. पुढच्याच वर्षी, 1943 साली, आशाताईंनी ‘माझं बाळ’ या सिनेमासाठी पहिलं गाणं म्हटलं. तेव्हा त्या दहाएक वर्षांच्या होत्या. म्हणजे हौसेनं सुरू झालेलं हे गाणं नव्हे मैत्रिणींनो. चुलीसाठी सुरू झालेलं आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणी गटात आल्या, त्याही अशाच आल्या.

अमेरिकेत अशा बहिणी एकत्र येऊन एकच नाव घेत आणि त्या नावानं गात. अँड्र्यूज सिस्टर्स नावाच्या तीन बहिणी तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फार गाजल्या. तिघींचे सूर असे मिसळायचे की एकच गळा वाटावा. पण धाकटी, मुख्य आवाज असलेली बहीण 1950 नंतरच्या काही वर्षांत एकटी गायला निघाली, घरात फूट पडली आणि 1956 मध्ये त्या पुन्हा एकत्र आल्या. सगळ्यांचं मिळून एकच नाव असलं की असा पेच कधी ना कधी येतोच.

मंगेशकर बहिणींनी असा संच काढला नाही. त्या एकमेकींसोबत गायल्या, पण प्रत्येकीचं काम वेगळं राहिलं. 1957 चा ‘मदर इंडिया’ तुम्ही पाहिला असेल. त्यात नर्गिस आणि तिची लहान मुलं शेतात राबतात, तेव्हा जे गाणं वाजतं, त्यात लताताईंच्या सोबत मीनाताई आणि उषाताईंचाही आवाज आहे. इतकी वर्षं आपण ते गाणं ऐकतो. तिघी बहिणी आहेत हे किती जणींना माहीत होतं? मलाही उशिरा कळलं.

पण या सगळ्यांत मोठ्या बहिणीचंसुद्धा नाव एकदा गाळलं गेलं होतं. 1949 साली ‘महल’ नावाचा सिनेमा आला. त्यातलं लताताईंचं गाणं देशभर गाजलं. पण गाण्याच्या तबकडीवर नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी कोण? तर सिनेमातल्या नायिकेचं नाव. जी पडद्यावर ओठ हलवते, तिच्या पात्राचं नाव तबकडीवर, आणि जी गाते तिचं नाव कुठेच नाही. रेडिओवर ते गाणं लागायचं आणि लोक पत्रं पाठवून विचारायचे, ही गाते कोण? मग कंपनीकडून नाव मागवून रेडिओवर सांगितलं गेलं. ऐकणाऱ्यांनी विचारलं म्हणून नाव कळलं, हे लक्षात ठेवा.

लताताई पुढे त्यावर अडून राहिल्या. फिल्मफेअरचं बक्षीस तेव्हा संगीतकाराला मिळायचं, गाणाऱ्याला नाही. एका वर्षी त्यांनी गायलेल्या गाण्यांसाठी संगीतकारांना बक्षीस मिळालं आणि त्यांना समारंभात गायला बोलावलं. त्यांनी नाही म्हटलं. गाणाऱ्याला बक्षीस नाही तर गाणाऱ्यानं का यावं? 1959 पासून गायकांसाठी वेगळं बक्षीस सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं, ‘मधुमती’मधल्या गाण्यासाठी. मग त्यांनी मानधनापलीकडची गोष्ट काढली. गाणं जितकं विकलं जाईल, त्यातला हिस्सा गायकालाही मिळावा. मोहम्मद रफींचं म्हणणं होतं की एकदा गाण्याचे पैसे घेतले, विषय संपला. या वादातून दोघं काही वर्षं एकत्र गायलेही नाहीत. एवढ्या मोठ्या माणसांतही हिशोबावरून अबोला झाला. गायकांच्या या हक्काला कायद्यात नीट जागा मिळाली ती 2012 च्या दुरुस्तीनं. पन्नास वर्षं लागली.

आता गंमत ऐका. याच लताताईंनी ‘आनंदघन’ या नावानं मराठी सिनेमांना संगीत दिलं. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’. गाण्यात नावासाठी भांडणाऱ्या बाईनं इथे स्वतःच नाव झाकलं. हे उलटं वाटतं ना? मला नाही वाटत. ‘आनंदघन’ हे नाव तिनं स्वतः निवडलं होतं. ‘कामिनी’ हे नाव दुसऱ्यांनी चिकटवलं होतं. आपलं नाव झाकायचं की दाखवायचं, हे जिचं नाव तिनं ठरवावं. एवढाच फरक, पण फार मोठा.

बाकीच्या तिघींचं काय? मोठं झाड असलं की खालचं रोप सावलीत खुरटतं, असं आपण म्हणतो. आशाताईंनी सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं. बहिणीबहिणीत दुरावा आला. पुढे संसार मोडला आणि त्या मुलांना घेऊन माहेरी आल्या. सुरुवातीला मोठ्या गायिकांकडून उरलेली गाणी त्यांच्या वाट्याला यायची. त्यांनी ती घेतली, त्यांतून आपला वेगळा गळा घडवला. 1957 च्या ‘नया दौर’नं त्यांना पुढे आणलं, 1981 च्या ‘उमराव जान’नं राष्ट्रीय पुरस्कार दिला आणि 1995 मध्ये, साठी ओलांडल्यावर, ‘रंगीला’मध्ये त्या तरुण नायिकेसाठी गायल्या. साठी उलटल्यावर आता काय शिकायचं, म्हणणाऱ्या आपल्या गटातल्या मावशींनी हे ऐकावं. दादासाहेब फाळके पुरस्कार लताताईंना 1989 चा मिळाला, आशाताईंना 2000 चा. एकाच घरात दोन.

उषाताईंनी 1972 च्या ‘पिंजरा’मधल्या लावण्या गायल्या आणि 1975 च्या ‘जय संतोषी माँ’मधली गाणी. त्या काळी कितीतरी बाया चप्पल बाहेर काढून तो सिनेमा बघायला जायच्या. मीनाताई संगीतकार झाल्या. ‘चॉकलेटचा बंगला’ हे आपल्या अंगणवाडीतलं गाणं आहे ना? त्याची चाल मीना खडीकरांची आणि गायली त्यांच्याच मुलांनी. म्हणजे चौघींपैकी कोणी दुसरीची नक्कल झाली नाही.

आता वही उघडा मैत्रिणींनो, कारण आता माझी चूक सांगायची आहे.

आमच्या भागातल्या एका गटानं मिरची पावडरचं काम घेतलं होतं. त्या गटाचं इतिवृत्त लिहायला मी बसायची. घाईत मी लिहायची, ‘अध्यक्ष, सचिव आणि इतर सदस्य हजर.’ कामाच्या पानावरही तेच, ‘पावडर तयार केली, अध्यक्ष आणि इतर.’ त्या ‘इतर’मध्ये एक बाई होती. मिरचीचे देठ खुडणं, वाळवणं, दळून आणणं, पाकिटं भरणं, सगळ्यांत जास्त दिवस तिचे. हाताची आग होऊन रात्री झोप नाही यायची तिला. अध्यक्ष तिचीच सख्खी मोठी बहीण. बोलायला हुशार, बाजारात जाणारी, फोटोत पुढे असणारी. वाईट बाई नाही ती. पण काम दोघींचं आणि नाव एकीचं झालं.

मग धाकटीनं स्वतःची छोटी चक्की टाकायची ठरवलं. कर्ज मागायला गेली तर साहेबांनी विचारलं, ‘या कामाचा अनुभव? काही कागद?’ ती माझ्याकडे आली. आम्ही दोघींनी तीन वर्षांच्या वह्या चाळल्या. पान उलटता उलटता ती म्हणाली, ‘ताई, माह्यं नाव कुठी आहे?’ मी काय बोलणार? ते नाव माझ्याच हातानं गाळलं गेलं होतं. मी बीए झालेली, अक्षर चांगलं म्हणून लिहायला बसवलेली. तिचं नाव लिहायला मला किती शाई लागली असती?

आम्ही विशेष बैठक घेतली. आठवून आठवून कोणी कोणतं काम किती दिवस केलं ते लिहिलं, तसा ठराव केला, सगळ्यांनी सह्या केल्या. मोठ्या बहिणीनं आधी तोंड फिरवलं, ‘म्हणजे मी काय खाऊन टाकलं का वो?’ मग तिनंच धाकटीचे दिवस मोजून सांगितले. मला आठवत नव्हते तेही तिला आठवत होते. धाकटीचा अर्ज अजून बँकेत आहे. मंजूर होईल की नाही, माहीत नाही. पण या वेळी कागदावर तिचं नाव आहे.

म्हणून पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. हजेरी नावानं लिहा, ‘आणि इतर’ हा शब्द वहीतून काढून टाका. विक्रीचं काम असेल तर त्याचं वेगळं पान ठेवा. तारीख, कोणी काय केलं, किती तास, किती रुपये मिळाले आणि समोर सही किंवा अंगठा. आणि बैठक संपताना ते पान मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आपलं नाव ऐकू येईल. एखादीला नाव पुढे नको असेल, घरची काही अडचण असेल, तर तिला विचारा आणि ती म्हणेल तसं करा. पण तिच्यासाठी तुम्ही ठरवू नका.

यानं गट फुटेल, असं काही जणींना वाटतं. हिशोब लिहिल्यानं मन दुखतं म्हणतात. माझा अनुभव असा, की न लिहिलेला हिशोबच जास्त दुखतो आणि जास्त दिवस दुखतो.

‘महल’च्या वेळी लोकांनी विचारलं होतं, गाते कोण? यंदा रोवणीला बांधीतून गाणं ऐकू आलं तर तुम्हीही थांबून विचारा, ‘गाणं कोणं उचललं वो?’ आणि तिचं नाव लक्षात ठेवा.

नमस्कार.