मिक्सर, मंडपातला आणि स्टुडिओतला

जबलपूरच्या मदन महल भागात गणेशोत्सवात एखाद्या मराठी मंडळाने नाट्यगीतांची मैफल ठेवली, की गायक, हार्मोनियम, तबला असे सगळे आवाज ऑडिओ मिक्सरमध्ये एकत्र येतात. नुसती आरती-भाषणं असतील, तर पॉवर्ड मिक्सर बरा. त्यात अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो, स्पीकर थेट जोडायचे. मैफलीला मात्र चांगला अ‍ॅनालॉग मिक्सर घ्यावा. प्रत्येक माइकला त्यात वेगळा गेन, म्हणजे येणारा आवाज किती वाढवायचा ती कळ, आणि वेगळा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी. गेन आधी नीट लावा. तिथेच आवाज फाटला, तर फेडर खाली ओढून तो सुधारत नाही. कंडेन्सर माइकला लागणारी 48 व्होल्टची फँटम पॉवरही इथूनच मिळते. ‘ऑक्स’ या वेगळ्या वाटेने कलाकारांना त्यांच्यासमोरच्या मॉनिटर स्पीकरवर आवाज देता येतो, तबलजींना तो नेहमी कमीच वाटतो! डिजिटल मिक्सर सगळी मांडणी साठवून ठेवतो, म्हणून नाटकाला सोयीचा. प्रवेश बदलला, की बटण दाबायचं.

रेडिओ केंद्रातला कन्सोल निराळा. निवेदकाचा माइक सुरू होताच स्टुडिओतले स्पीकर आपोआप बंद होतात, नाहीतर शिट्टी घुमेल. आणि पुढचं गाणं प्रसारणात न जाता ‘क्यू’वर आधीच ऐकून घेता येतं.